दुधावर शिंपडलेलं पाणी

मला मदत केली ती मोलगीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर राहणाऱ्या बाईनं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं सांगताना माझा नेहमी घोटाळा होतो. कोण काय म्हणालं, माझं कुठं चुकलं, हे सांगता सांगता तिचं सांगायचं राहूनच जातं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तसंच झालं, आईला फोनवर सांगितलं तेव्हाही तसंच. म्हणून या वेळी ती पहिली. तिचं नाव मला ठाऊक आहे, पण तिला विचारल्याशिवाय ते कागदावर घालायला धीर होत नाही. तिनं मला तिचे दोन दिवस दिले. मोहाची फुलं पडायच्या दिवसांतले दोन. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, आता थोडा कळलाय.

मी बार्शीकडची. आठवीत शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागोमाग थेट विसरवाडीला आले. नवरा तिथं फाट्यावरच्या गॅरेजात ट्रकची कामं करतो. आमच्या खोलीपुढून दिवसभर सुरतेकडं जाणाऱ्या गाड्या. इकडं मराठीच बोलतात असं मला सांगितलं होतं, पण पहिल्याच दिवशी शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काय करी ऱ्हायनी वं?" आणि मी गप्प आत गेले. मला वाटलं ती रागावलीय. ती बिचारी विचारायला आली होती की काय चाललंय. पुढं सहा महिने मी सगळ्यांच्या बोलण्यावर नुसती मान हलवत होते. मान हलवायची सवय लागली की माणूस कशालाही हो म्हणून बसतं, हे मी इथं शिकले.

मला दिवस गेले आणि आठव्या महिन्यातच पोट दुखायला लागलं. नवापूरला नेलं, तिथून पुढं नंदुरबारच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मुलगा झाला. माझ्या दोन पंजांत मावेल एवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवला आणि नाकात बारीक नळी घातली. मला म्हणाले, दूध काढून आण, नळीनं देऊ. मी बसले काढायला, तर दूधच नाही. पहिला दिवस नाही, दुसरा नाही. आई नाही, सासू नाही, दोघी बार्शीकडं. नवरा वॉर्डाच्या बाहेर. छातीला हात लावून मी नुसती बसायची आणि काचेतून त्याच्या पोटाकडं बघायची. ते खालीवर व्हायचं, एवढाच आधार.

तिथं दुधाची बँक होती. तिचं काम बघणारी सिस्टर चाळिशीची, बोलायला करडी. ती कागद घेऊन आली. "तुझं दूध येईपर्यंत बाळाला बँकेतलं देऊ. इथं सही कर."

"कसली बँक?"

"आईच्या दुधाची. ज्या आयांना जास्त येतं त्या देतात."

मी दारात उभ्या नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "आगं कर की सही. लेकराला उपाशी ठेवतीस का?" मी केली. कागदावर बरंच लिहिलं होतं, पण मला वाचता येणारे शब्द असूनही त्यातलं काही डोक्यात शिरत नव्हतं. तेवढ्यात सिस्टरनं पिचकारीत मोजून दूध घेतलं आणि नळीतून हळूहळू सोडलं. पांढरा पट्टा त्याच्या नाकाकडं सरकताना मला दिसला. आधी बरं वाटलं. मग वाटलं, हे कुणाचं? मग वाटलं, असं वाटणं पापच की. दिवसभर हेच आलटून पालटून.

माझ्या शेजारच्या खाटेवर ब्राह्मणपुरीची एक बाळंतीण होती. तिची सासू दिवसभर उशाशी बसलेली, घरच्या बागेतली केळी घेऊन. सगळ्या वॉर्डाला वाटायची, कुणाला सोडायची नाही. तिनं सिस्टरला हटकलं. "हाई कोनं दूध शे?"

"आईचं आहे."

"कोनती आईनं, तेच इचारी ऱ्हायनी मी."

"तीनचार जणींचं एकत्र करतो, मावशी. कुणाचं कुणाला गेलं ते आम्ही पण सांगत नाही."

सासू म्हणाली, आमच्या लेकराला नको असलं मिसळलेलं. सुनेला दूध होतं, त्यामुळं प्रश्न आला नाही. पण मी तिच्याकडं पाठ करून झोपले. माझ्या मुलाच्या पोटात ते मिसळलेलंच चाललं होतं, आणि मी तिची केळी खाल्ली होती.

दूध काढायची एक वेगळी खोली होती. बाहेर चपला, आत हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, डोक्याला टोपी, बांगड्या उतरवून ठेवायच्या. तिथं मी मोलगीच्या त्या बाईला पहिल्यांदा बघितलं. माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठी असेल, तिसरं बाळंतपण. तिची मुलगी वजनानं कमी म्हणून ठेवलेली, आता चांगली प्यायला लागली होती. तिच्या हातात चांदीची जड कडी होती. सिस्टर म्हणाली काढ, तर ती म्हणाली, "लग्नात घातली, तेव्हापासून निघत नाही." शेवटी सिस्टर रोज ब्रश घेऊन ती कडी तिच्या हातातच घासायची, आणि ही आरामात हात पुढं करून बसायची, जशी काय कुणी मेंदी लावतंय.

ती घरी वेगळी भाषा बोलायची, मराठी बाजारापुरती. सगळ्यांना तू म्हणायची. मोठे डॉक्टर सकाळी फेरीला आले की त्यांना विचारायची, "तू जेवला का?" सकाळचे नऊ वाजलेले असायचे. डॉक्टरही म्हणायचे, "जेवलो." मला त्या वॉर्डात एवढ्याच गोष्टीचं हसू यायचं.

तिची बाटली बघता बघता भरायची. माझ्या पंपात काही नाही, नुसता चिमटा बसायचा. चौथ्या दिवशी मी रडायला लागले तेव्हा ती उठली. माझ्या हातातला पंप काढून बाजूला ठेवला. टॉवेल गरम पाण्यात पिळून आणला आणि माझ्या छातीवर ठेवला. मग माझ्याच हातानं, वरून खाली, कसं दाबायचं ते दाखवलं. माझ्या पिशवीत मुलाचं टोपडं होतं, एकदा घालून काढलेलं. ते तिनं माझ्या मांडीवर ठेवलं.

"याला बघ. मशीनला नको बघू."

त्या दिवशी थेंब आले. पाचव्या दिवशी दोन चमचे. मी बाटली उजेडाला धरून बघत बसले तर ती म्हणाली, "बघून वाढत नाही. दे त्याला."

पुढं चारपाच दिवसांत मला एवढं यायला लागलं की मुलाला पुरून उरायचं. त्याला लागायचं ते किती, दोन तासांनी एक पिचकारी. मला तिचं नवल वाटायचं. मी विचारलं, "तुम्ही दुसऱ्यांच्या लेकरांना का देता? पुण्य म्हणून?"

"दुखतं म्हणून. भरलं की दुखतं. दिलं की नाही दुखत."

"पण तुमच्या मुलीला कमी पडलं तर?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं विहिरीवर कुणी विचारावं की घागर भरली तर विहीर संपेल का. पण विहिरी आटतात की. आमच्याकडं तरी आटतात.

सिस्टरनं मला विचारलं, तू देशील का. आधी रक्त तपासावं लागेल. रक्ताचं नाव काढल्यावर मला लागलं. दूध मी देणार आणि संशय माझ्यावरच. सिस्टर म्हणाली सगळ्यांचंच तपासतो. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या मुलानं प्यायलं तेव्हा त्या बायांचं रक्त कुणीतरी तपासलं होतं, म्हणूनच मी निवांत झोपले होते. तरी दंडाला चिमटी बसली तेव्हा डोळ्यांत पाणी आलंच. दोन्ही खरं होतं.

आईला फोन केला. आई म्हणाली, "द्यायला काय नाही. पर त्याचं करत्यात काय?"

"फ्रीजमध्ये ठेवतात."

"गार चालतंय. इस्तवावर न्हाई ना घालत? आगं, बाईचं दूध इस्तवावर गेलं की थान आटतंय. तुझ्या मावशीचं काय झालं ते इसरलीस का."

मावशीचं काय झालं ते मला नीट माहीत नव्हतं. पण इस्तवाची गोष्ट पाठ होती. आमच्या घरी म्हशीचं दूध उतू जाऊन चुलीत पडलं की आई हातातलं सगळं सोडून पळायची आणि चुलीवर पाण्याचे तीन शिंतोडे मारायची. नाहीतर म्हशीच्या सडाला भेगा पडतात. मी लहान असताना एकदा माझ्या हातून दूध उतू गेलं, मी पाणी शिंपडलं नाही, आणि त्याच आठवड्यात म्हैस सड धरू देईना. तो मार मला अजून आठवतो. तेव्हापासून माझा हात आपोआप पाण्याकडं जातो. विसरवाडीत गॅसवर पिशवीचं दूध तापवते तरी शिंपडते. पिशवीतल्या दुधाची म्हैस कुठं असेल कोण जाणे.

मी आईला सांगितलं, नाही, फ्रीजमध्येच असतं. आणि रोज एक बाटली द्यायला लागले.

द्यायला लागल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी बाटली द्यायला बँकेच्या खोलीशी गेले. एरवी दारातूनच द्यायची असते. दार उघडं होतं. आत सिस्टर एकटी होती, तिला कुणीतरी हाक मारली म्हणून ती मागच्या दारानं गेली. मला वास आला. तापवलेल्या दुधाचा. लपून राहणारा वास नव्हता तो, आमच्या घरी सकाळी यायचा तसाच. समोर एक पेटीसारखं मशीन, त्याच्या आत पाणी. शेजारी टेबलावर पाच बाटल्या, झाकणं उघडी. मी आत गेले आणि एका बाटलीला बोट लावलं. कोमट होती.

म्हणजे तापवतात. म्हणजे माझं, तिचं, सगळ्यांचंच रोज तापवत होते, आणि कुणी पाणी शिंपडत नव्हतं.

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार करायला वेळ लागतो. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि तीन वेळा शिंपडलं, मशीनवर आणि त्या पाच बाटल्यांवर. तिसऱ्या शिंतोड्याला सिस्टर परत आली.

ती एरवी आमच्याशी शाळेतलं मराठी बोलायची. त्या दिवशी ते तिच्या तोंडातून गेलं. "हाई काय करं तू? पाणी काबं टाकं?"

मी म्हणाले, "दूध आटू नये म्हणून."

"कितल्या आयास्नं दूध व्हतं त्यामा, समजस का तुले?"

मला समजत होतं, म्हणून तर टाकलं होतं. तिनं मला बाहेर काढलं. मग एकेक बाटली उचलून बेसिनमध्ये ओतली. मी दारातून बघत होते. आमच्याकडं बाईचं दूध कुठंही टाकत नाहीत, फार तर झाडाच्या मुळाशी, जिथं कुणाचा पाय पडत नाही. ते मोरीत चाललं होतं. पाच बाटल्या. सिस्टर ओतताना माझ्याकडं बघत नव्हती आणि तिचा खालचा ओठ दातात धरलेला होता. तेव्हा कळलं की तिलाही ते ओतवत नव्हतं.

नंतर तिनं मला बसवून सांगितलं. बाळं नाजूक, म्हणून दूध ठरावीक तापवायचं, उकळायचं नाही, मग गार करायचं. त्यातलं थोडं तपासायला जातं, निकाल यायला दोन दिवस. तोवर कुणाला देत नाहीत. झाकणं त्यासाठीच उघडली होती. "हे सगळं तुझ्या त्या कागदावर होतं," ती म्हणाली. असेल. "फ्रीजमध्ये निकाल आलेलं आहे ते परवापर्यंतच पुरेल, फार तर त्याच्या पुढच्या सकाळपर्यंत. त्यात पाच बाळं बघायची आहेत. तुझं बरं, तुला स्वतःचं येतं."

दुपारी मी दूध काढायला बसले. टोपडं मांडीवर, टॉवेल गरम. एक थेंब आला नाही.

संध्याकाळी नाही. मी कुणाला सांगितलं नाही, नुसती रिकामी बाटली घेऊन आत गेले. सिस्टरनं बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि फ्रीज उघडला. आता माझा मुलगा धरून सहा बाळं. मी जे ओतायला लावलं त्यातलंच त्याला दोनतीन दिवसांनी लागणार होतं.

हे कशानं झालं ते मला आजही सांगता येत नाही. तापवल्यानं आटलं असेल, तर मोलगीवालीचं का नाही आटलं? पाणी शिंपडूनही आटलं, तर आई म्हणते ते खोटं? की ओतलं म्हणून? सिस्टर म्हणाली, भीतीनं होतं, येईल परत. पण सिस्टर त्या वेळी मला बरं वाटावं म्हणून काहीही म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ब्राह्मणपुरीच्या सासूनं सगळ्या वॉर्डाला सांगून टाकलं होतं. माझ्या खाटेवर दोन केळी ठेवत म्हणाली, "म्हशीनं दूधमा लोके पाणी टाकतस, बाईनं दूधमा टाकनारी तूच पहिली." सगळ्या हसल्या. तिच्या बोलण्यात विष नव्हतं, पण मी केळाला हात लावला नाही.

त्याच दिवशी मोलगीवालीला घरी सोडणार होते. तिचा नवरा गाठोडं घेऊन फाटकापाशी येऊन बसला होता. मुलगी पाठीला बांधायचं फडकं तिनं खांद्यावर टाकलं होतं. ती माझ्या खाटेपाशी आली आणि खाली जमिनीवरच बसली.

"तू पाणी टाकलं?"

मी मान हलवली. मग सगळं बोलले. इतक्या महिन्यांत एवढं सलग मी कुणाशी बोलले नव्हते. ते दूध तापवतात, तुम्हाला माहीत नसेल, तुमचं आटेल, मी तुमचं राखायला गेले आणि तुमचंच मोरीत गेलं. तिला त्यातलं किती समजलं देव जाणे. माझं बार्शीचं बोलणं, तिचं बाजारचं.

ती म्हणाली, "तापवतात. मी पहिल्या दिवशी बघितलं."

"मग?"

"मग काय. आटलं का?" तिनं स्वतःच्या छातीकडं बघितलं, चोळी दोन्हीकडं भिजली होती. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बरं केलं तू पाणी टाकलं. माझं राखलं. पण तुझं कोण राखील?"

ती थट्टा करत होती की खरंच म्हणत होती, हे मला तेव्हाही कळलं नाही. तिचा चेहरा हसराच असायचा, त्यामुळं त्यावरून ठरवता येत नव्हतं.

तिनं मला विचारलं, माझ्या मुलाला कधीपर्यंतचं आहे. मी सांगितलं, उद्यापर्यंत, परवा सकाळी जेमतेम. ती उठून बाहेर गेली. खिडकीतून मला दोघं दिसत होते. ती उभी राहून बोलत होती, नवरा उकिडवा बसून जमिनीवर काडीनं रेघा मारत होता. त्यानं एकदा मान वर करून डोंगराच्या दिशेला बघितलं. नंदुरबारच्या त्या फाटकातून डोंगर काही दिसत नाही, पण त्यानं तिकडंच बघितलं. मग गाठोडं उचललं आणि जीपच्या थांब्याकडं एकटाच निघाला.

ती आत आली. सिस्टरला म्हणाली, "मी थांबते. दोन दिवस."

सिस्टर म्हणाली, "तुझा कागद झाला. घरी लेकरं आहेत ना तुझी?"

"आहेत. शेजारीण बघील. फुलं पडत असतील. पडू दे."

कसली फुलं, मी विचारलं. मोहाची. पहाटे पडतात, लगेच वेचावी लागतात, नाहीतर शेळ्या खातात. वर्षातून तेवढेच दिवस. हे ती पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाली. मी तेव्हा मोहाचं झाडही बघितलं नव्हतं. फुलं म्हटल्यावर मला देवाला वाहायची वाटली, आणि मी मनात म्हणाले, दोन दिवस देवाला फुलं नाही मिळाली तर चालतंय. असं मला वाटलं होतं, ते लिहूनच टाकते.

त्या दिवशी ती चार वेळा बसली. दुपारी बाटली द्यायला गेली तेव्हा मला हाताला धरून घेऊन गेली. बँकेच्या दाराबाहेर, चपला काढतो तिथं उभी राहिली आणि सिस्टरला म्हणाली, "पाणी दे. ही शिंपडते."

"परत?"

"आत नाही. इथं. बाहेर."

सिस्टर तिच्याकडं बघत राहिली. मग आतून स्टीलचा पेला भरून आणला आणि पायरीवर ठेवला. "बाहेर करा काय करायचं ते. आत एक थेंब आला तर दोघींना विसरवाडीच्या गाडीत बसवीन." पेला ठेवून आत जाता जाता हळू आवाजात म्हणाली, "मन्ही माय बी शिंपडस. आजून."

मी पायरीवर तीन शिंतोडे मारले. मोलगीवालीनं बाटली आत दिली. दुसऱ्या दिवशी पेला तिथंच होता, भरलेला. कुणी भरला ते मी विचारलं नाही. दूध द्यायला येणाऱ्या आणखी एकीनं पण बोट बुडवून पायरीवर झटकलेलं मी बघितलं. तिला कुणी काय सांगितलं, देव जाणे.

आणि त्याच दिवशी दुपारी, सासू अंघोळीला नातेवाइकांकडं गेलेली असताना, ब्राह्मणपुरीची सून दूध काढायच्या खोलीत आली. तोवर ती फक्त आपल्या बाळापुरतं काढायची, उरलेलं रुमालात पिळून टाकायची. तिनं अर्धी बाटली भरली. मला म्हणाली, "माझं जास्त होतं. रक्त आधीच तपासलंय, सिस्टरनं विचारून घेतलं. सासूबाईंना बोलू नका." मी कशाला बोलते. पण संध्याकाळी सासूनं माझ्यापुढं केळी ठेवली ती दोन नाही, पूर्ण फणी ठेवली, आणि काही थट्टा केली नाही. तिला कळलं होतं की नाही, आणि कळून ती रागावली होती की खूश होती, याचा मी पुष्कळ विचार केला. फणी मात्र सगळी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजमधलं शेवटचं दूध संपलं. सिस्टर फोनवर फोन करत होती. आदल्या दोन दिवसांचं तपासायला गेलेलं होतं, पहिला निकाल संध्याकाळी येणार होता. दुपारची वेळ मोकळी जाणार होती. सहांपैकी चौघांच्या आयांना तोवर थोडंथोडं यायला लागलं होतं; ज्यांच्या आयांना दूधच नाही अशी दोन बाळं उरली होती, त्यात माझं एक.

मोलगीवाली मला म्हणाली, "चल बस." मी म्हणाले, नाही येत, उगाच कशाला. तिनं टोपडं घेतलं नाही. या वेळी ती पेटीपाशी गेली, सिस्टरशी बोलली, आणि सिस्टरनं माझा मुलगाच नळ्यांसकट उचलून माझ्या उघड्या छातीवर ठेवला, वरून चादर गुंडाळली. त्याचं डोकं माझ्या गळ्याखाली. मोसंबीएवढं गरम काहीतरी. मी भीतीनं श्वास धरून ठेवला होता. बराच वेळ गेला. मग माझ्या पोटावर काहीतरी ओलं झालं. मला वाटलं त्यानं शू केली. मोलगीवालीनं चादर वर करून बघितलं आणि हसली.

दूध होतं. थोडंच, पण त्या दुपारच्या पिचकारीपुरतं झालं. सिस्टरनं ते माझ्याच मुलाला दिलं. दुसऱ्या बाळासाठी तोवर डॉक्टरांनी वेगळी सोय केली, आणि संध्याकाळी निकाल चांगला आला. त्या वेळेपासून माझा मुलगा आणि ते दुसरं बाळ, दोघांनाही तिचं दूध गेलं. तिचं आणि अजून एकदोघींचं, मिसळून.

ती त्याच संध्याकाळी निघाली. मला तिला काय म्हणावं सुचेना. उपकार झाले असं म्हणतात, पण तो शब्द तिच्या बाजारच्या मराठीत असेल का, असं वाटून मी थांबले, आणि तोवर तिनं मुलगी पाठीला बांधलीसुद्धा. मी वाकून पाया पडायला गेले तर तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, "तू जेवली का?" मी म्हणाले, "जेवले." ती गेली.

आता माझा मुलगा चालायला लागलाय. गॅरेजात टायर धरून उभा राहतो. घरी आल्यावरही, माझं दूध होतं तोवर, नवरा नंदुरबारला गेला की मी एकदोनदा त्याच्याबरोबर जाऊन देऊन आले. प्रत्येक वेळी पायरीवर शिंपडलं. आईला अजून सांगितलेलं नाही की ते तापवतात. पण डोंगरातल्या एका बाईचं दूध लेकरानं प्यायलंय हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तिची पोरगी ह्याची बहीण झाली की गं. तिच्याशी लगीन जमायचं न्हाई आता." आणि हसली. मी नाही हसले. मला ते खरंच वाटलं. मग दुसऱ्याच क्षणी वाटलं, त्यात अजून एकदोघींचं होतं, मग त्यांच्या पोरी कोण? हे कुठं थांबतं, मला ठरवता येत नाही. रात्रंदिवस कशाला, दिवसातून एकदा तरी मी त्याच्याकडं बघून विचार करते की हा कुणाकुणाचा आहे. आणि तो माझ्याकडं बघून टायरला थापट्या मारतो.

मागच्या महिन्यात नवऱ्याला मोलगीच्या बाजारातून आलेला एक जीपवाला भेटला. त्याच्या सीटवर मोहाची सुकलेली फुलं सांडलेली होती, ती नवऱ्यानं मला मूठभर आणून दिली. मनुक्यासारखी, वास गोड आणि जरा उग्र. जीपवाला त्याला म्हणाला होता, ही विकूनच पाड्यावरची वर्षाची मीठमिरची निघते; एका सकाळी चुकलं की त्या सकाळचं गेलं, परत पडत नाहीत. तेव्हा मी ती मूठ हातात धरून बसले, आणि ती माझ्या खाटेपाशी जमिनीवर बसून म्हणाली होती ते "पडू दे" मला पहिल्यांदा ऐकू आलं.

दूध मी तिला परत देऊ शकत नाही. तिची मुलगी आता भाकर खात असेल. पण तिचे दोन दिवस माझ्याकडं आहेत, आणि ते फुलांच्या दिवसांतले आहेत, म्हणून त्याच दिवसांत द्यायला हवेत. मला पाड्याचा रस्ता माहीत नाही. मोलगीपर्यंत जीप जाते, पुढं चालत जावं लागतं, लोक म्हणतात. मोहाचं फूल कसं वेचतात तेही मला येत नाही, ती दाखवील. पुढच्या उन्हाळ्यात नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. मुलाला पाठीला बांधून मी एक दिवस तिच्या दारात जाऊन उभी राहीन, तिनं विचारलं तर जेवले म्हणेन, आणि दोन पहाटा तिच्या झाडाखाली फुलं वेचून देईन. दोन पुऱ्या पहाटा, शेळ्या यायच्या आधी.